वाडा, बंगला आणि ‘घर’ : एक अर्थविचार

इंग्रजीत वास्तूसाठी एक शब्द आहे व तिच्याविषयीच्या जिव्हाळ्यासाठी दुसरा. मराठीतील ‘घर’ हा एकच शब्द मात्र वास्तू, कुटुंब व कुळ हे तिन्ही अर्थ वाहतो. १६०४ मधील सेमेन खटल्याच्या वृत्तांतात एडवर्ड कोक यांनी घरास धन्याचा किल्ला मानले. एकाच कुटुंबाचे, बागेने व कुंपणाने वेढलेले घर हा पुढे इंग्रजांचा आदर्श ठरला. १८०३ च्या असईच्या लढाईनंतर जालन्यास छावणी वसली. छावणीबरोबर हा आदर्श बंगल्याच्या रूपाने येथे आला. ‘बंगला’ हा शब्द मात्र मूळचा बंगालशी निगडित. बंगल्याची मोकळी जागा भोवताली असते, तर मराठवाड्यातील माळवदी वाड्याची आत, चौकात. वाडाही बाहेरून किल्ल्यासारखाच बंद. परंतु दाराशीच ढाळज असल्याने तेथील खासगीपणा कुंपणापाशी एकदम सुरू होत नाही, तो माजघरापर्यंत क्रमाने वाढत जातो. आज ढाळजेची जागा ‘हॉल’ने घेतली आहे. ती लोपल्याची हळहळ ग्रामीण साहित्यात शोधताना, ढाळजेत स्त्रियांना व दलितांना बसता येत होते काय, हा प्रश्नही अभ्यासकाने विचारला पाहिजे.