प्रयोग पडद्यावर की हातात?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि बीदर-कलबुरगी भागातही मोबाइल हीच मुलांची शाळा झाली. इतिहास, गणित कसेबसे पुढे सरकले. अडले ते विज्ञानाच्या प्रयोगवहीपाशी. साथ ओसरली, पण प्रश्न उरलाच. प्रयोग घरबसल्या शिकवता येतात का?

सोय तर झाली आहे. मुंबईचे सी-डॅक आणि अमृता विश्व विद्यापीठम् यांनी शाळांसाठी ‘ओलॅब्ज’ तयार केले. त्यात मराठीतूनही प्रयोग पाहता येतात. मराठी शाळेतून इंग्रजी माध्यमाच्या पीयूसीत जाणाऱ्या आपल्या मुलांना हा मोठाच आधार.

मात्र प्रत्येक प्रयोगाला एकच माप लावू नये. प्रयोग कशासाठी आहे, हे आधी पाहावे. ओहमचा नियम समजून घ्यायचा असेल तर पडदा उत्तम. दाब दहा वेळा बदला, काही जळत नाही. पण अनुमापनात ब्युरेटची तोटी हाताने आवरावी लागते. एक थेंब जास्त पडला की फिकट गुलाबी रंग गडद होतो आणि मोजमाप वाया जाते. ही सवय माउसने लागत नाही.

आपल्या बिदरी कामाचेच पाहा. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदी जडवून, किल्ल्यातली माती आणि नवसागर लावला की भांडे काळे होते, चांदी मात्र चमकत राहते. ही रसायनक्रिया चित्रफितीत समजेल. कारागिराचा हात मात्र त्याच्याजवळ बसूनच येतो.

काही प्रयोग घरीही होतात. एक मीटर दोरीला दगड बांधून झुलवा; दहा झोक्यांना साधारण २० सेकंद लागतात. हळदीच्या, म्हणजे अरिशिणाच्या पाण्यात साबण घाला, रंग लालसर होतो. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. प्रत्येक मुलाचे आकडे थोडे वेगळे येतील. ते का, हे शिक्षकांनी ऑनलाइन तासाला विचारावे. खरे विज्ञान तिथेच सुरू होते. आम्ल आणि ज्योतीचे प्रयोग मात्र घरी नकोतच.

पीयूसीत प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. पाठांतरावर ते मिळतीलही. पण उद्या फार्मसी किंवा नर्सिंगला गेलेल्या मुलीला मोजून औषध द्यायचे आहे. म्हणून पालकांनी शाळेत एवढे जरूर विचारावे: पडद्यावर पाहिलेल्या प्रयोगांपैकी किती प्रयोग मुलांनी स्वतःच्या हाताने केले?