अण्णांना वात झाला तेव्हा

गेल्या पावसाळ्यात आमचे अण्णा न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. वय अठ्ठ्याहत्तर. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. आम्ही सारे निश्चिंत झालो. पण तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास ते एकाएकी उठून बसू लागले. "घंटा झाली रे! माझी टोपी कुठे आहे?" जन्मभर मुलांना गणित शिकवलेला तो माणूस मला ओळखीना, आणि हातातली सलाइनची नळी मात्र ओढू लागला.

"वात झालाय रे ह्यांना," आई घाबऱ्या आवाजात म्हणाली.

तिचा शब्द जुना, पण नेमका होता. वैद्य ज्याला सन्निपात म्हणत, त्याच्या जवळपासचेच हे दुखणे. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ नांगराची सरी सोडून भरकटणे असा आहे. हे वेड नव्हे आणि म्हातारचळही नव्हे. म्हातारपणची विस्मृती वर्षांच्या पावलांनी येते, तर वात काही तासांत येतो. सकाळी उतरतो, संध्याकाळी पुन्हा चढतो. कधी रोगी आरडाओरडा न करता नुसता गुंगून पडून राहतो आणि घरच्यांना वाटते, बरे झाले, झोप लागली!

मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "एखादे झोपेचे इंजेक्शन द्या ना!" त्या हसल्या. म्हणाल्या, "आधी वात का झाला ते पाहू. औषध हाताशी आहेच."

त्यांच्या त्या उत्तरामागचा इतिहास मी पुढे सवडीने वाचून काढला. 1952 साली पॅरिसमध्ये डेले आणि डेनिकर यांनी मनोरुग्णांना क्लोरप्रोमॅझिन दिले आणि मानसोपचाराचे नवे युग सुरू झाले. 1958 साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झाले. वेडाचे भास ज्याने थांबतात त्याने वाताचेही थांबतील, या हिशेबाने ते वाताच्या रोग्यांना देण्याचा प्रघात पडला. मागाहून रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन अशी नवी भावंडे आली. मग साहजिकच प्रश्न निघाला : यांतले सरस कोणते?

तुलना झाल्या. हॅलोपेरिडॉलने अंग ताठरते, हात कापतात. क्वेटियापिनने गुंगी अधिक येते. हृदयाच्या ठोक्यांवर तर यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत लक्ष ठेवावे लागते. फरक दिसला तो असा उपद्रवांत. गुणात कोणी स्पष्टपणे पुढे गेले नाही. मग संशोधकांनी औषधांच्या शेजारी औषध नसलेला पोकळ डोस उभा केला. ऑस्ट्रेलियात आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील 247 रुग्णांवर झालेला हा प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाला. रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल घेणाऱ्यांची लक्षणे पोकळ डोस घेणाऱ्यांपेक्षा जास्तच निघाली. अमेरिकेत अतिदक्षता विभागातल्या 566 रुग्णांवर हॅलोपेरिडॉल आणि झिप्रासिडोन पारखून पाहणारा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. वात त्यामुळे लवकर उतरला असे दिसले नाही.

म्हणून ही औषधे टाकाऊ ठरली का? तसे नाही. रोगी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील, नळ्या उपटील, भयाने कासावीस होईल, अशा वेळी डॉक्टर ती थोड्या प्रमाणात, थोड्या दिवसांसाठी देतात. दारू एकाएकी तुटल्याने होणाऱ्या वाताचे उपचार तर निराळेच. तेव्हा चालू असलेले औषध घरच्यांनी आपल्या मनाने बंद करू नये. ध्यानात ठेवायचे ते इतकेच की, या औषधांनी रोगी शांत दिसतो, पण वाताचे मूळ जात नाही.

ते मूळ शोधावे लागते. जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, वेदना, बद्धकोष्ठ, जागरण, एखादे नवे औषध, यांतले काहीही असू शकते. अण्णांची लघवी तुंबली होती.

आणि आणखी एक गोष्ट निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "यांचा चष्मा कुठे आहे?" चष्मा घरी, कपाटात! कानाचे यंत्रही हरवेल म्हणून आम्हीच काढून ठेवलेले. म्हणजे ज्याला धड दिसत नाही, ऐकू येत नाही, अशा माणसाला आम्ही परक्या खोलीत निजवले होते. अमेरिकेत येल येथे शॅरन इनौय यांनी सत्तरीपुढील 852 रुग्णांचा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध केला. चष्मा, कानाचे यंत्र, पुरेसे पाणी, रात्रीची शांत झोप, थोडे चालणे, दिवस-वार सांगत गप्पा मारणे, एवढ्यावर वात होण्याचे प्रमाण शेकडा 15 वरून 9.9 वर आले. वात एकदा सुरू झाल्यावर मात्र या उपायांचा तितका प्रभाव दिसला नाही. म्हणून ते पहिल्या दिवसापासूनच करायचे.

अण्णांची तुंबलेली लघवी काढली, चष्मा आणि यंत्र आणले, आई उशाशी बसून नातवंडांच्या गोष्टी सांगू लागली. इंजेक्शनची वेळ आली नाही. आणखी दोन रात्री त्यांनी शाळा भरवली, तिसऱ्या सकाळी चष्म्यातून माझ्याकडे पाहत म्हणाले, "बाळू, दाढी का नाही केलीस?"

वाचकहो, घरातले वडीलधारे माणूस रुग्णालयात ठेवायची वेळ आली, तर डब्याच्या पिशवीत आधी चष्म्याचे घर टाका.