पार्वतीबाईंची झोळी

उज्जैनला मंगळनाथाच्या वाटेवर सांदीपनींचा आश्रम आहे. कृष्ण, बलराम आणि सुदामा इथे शिकले अशी श्रद्धा आहे. या भागाला अंकपात म्हणतात. पाटीवरचे अंक धुऊन टाकायची ही जागा. शेजारीच पायऱ्या उतरत गेलेलं गोमती कुंड आहे. आलेल्या माणसाला इथे हमखास सांगतात ते कृष्णाने चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकल्याचं. मला मात्र भागवतातली सरपणाची गोष्ट जास्त जवळची वाटते. गुरुपत्नीने कृष्ण-सुदाम्याला लाकडं आणायला रानात पाठवलं, अवेळी पाऊस आला आणि दोघं रात्रभर रानात अडकले. यादवांच्या घरचा मुलगा मोळी वाहत होता, कारण जिथे जेवायचं त्या चुलीचं सरपण आपण आणायचं, हा आश्रमाचा रिवाज होता.

हा रिवाज विसाव्या शतकात किती लांबवर नेता येतो, हे पुण्याजवळच्या हिंगण्यातल्या एका बाईने दाखवलं. तिचं नाव पार्वतीबाई आठवले. अनाथ विधवा मुलींच्या आश्रमासाठी पैसा उभा करायला ती 1918 साली अमेरिकेला गेली आणि तिथल्या घरांत मोलकरीण म्हणून राबली.

आधी हिंगण्याविषयी सांगायला हवं. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. पहिली पत्नी राधाबाई 1891 साली वारल्यावर त्यांनी 11 मार्च 1893 रोजी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. याच पुढे आनंदीबाई, घरच्यांच्या बाया कर्वे. या लग्नासाठी कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली. पुण्यात प्लेग होता, म्हणून 1900 साली आश्रम तिथे एका झोपडीत हलला. दिवसभर कॉलेजात शिकवून संध्याकाळी कर्वे चालत हिंगण्याला जायचे. पावसाळ्यात ती वाट म्हणजे नुसता चिखल. मुलींना शिकवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं आणि सकाळी पुन्हा पुण्याला. आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. त्या त्यागाचा भार बायांच्या संसारावर पडला, हे इथे नोंदवलंच पाहिजे. थोर माणसांच्या त्यागाचा हिशेब मांडताना घरातल्या बाईचा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो.

पार्वतीबाई ही बायांची सख्खी बहीण. जन्म 1870, गाव कोकणातलं देवरुख. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि विसाव्या वर्षी नवरा गेला. पदरात एक मुलगा होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचं केशवपन झालं. अंगावर लाल आलवण, कपाळ मोकळं, हात मोकळे. आज आलवण पाहिलेलं माणूस सापडायचं नाही. ते गडद लाल, जाडंभरडं, बिनकाठाचं लुगडं असे. त्याचा पदर मुंडण केलेल्या डोक्यावरून घट्ट ओढून घ्यायचा. शुभकार्याच्या वेळी अशी बाई समोर येऊ नये म्हणून लोक वाट बदलत. बहिणीच्या पुनर्विवाहाने माहेरच्या, देवरुखच्या जोशी घराण्यावर गावाचा रोष होताच. तशात पार्वतीबाई पुण्याला आल्या, मोठ्या वयात शिकल्या आणि आश्रमाच्या कामाला लागल्या.

त्यांच्याकडे मुख्य काम आलं ते वर्गणीचं. आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या वेषामुळे समाज त्यांना दूर ठेवत होता, त्याच वेषामुळे सनातनी घरांची दारं त्यांच्यासाठी उघडली. आश्रम म्हणजे विधवांची लग्नं लावणारा कारखाना, असा प्रवाद होता. कर्व्यांनी स्वतः पुनर्विवाह केलेला, त्यामुळे त्यांनी कितीही समजावलं तरी संशय उरायचाच. म्हणून आश्रमाचं काम त्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने वेगळं ठेवलं होतं. अशा वेळी सोवळी, आलवणातली विधवा माजघरापर्यंत जाऊन बसे आणि सांगे की मी पुन्हा लग्न केलेलं नाही, करणारही नाही; मला फक्त या पोरींना शिकवायचं आहे. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यासुद्धा ऐकून घेत. मराठी बाईने चारचौघांत उभं राहून भाषण करणं हीच त्या वेळी नवलाई होती. पार्वतीबाई गावोगाव फिरल्या, सभा घेतल्या आणि मदत गोळा करून आश्रमात आणून दिली.

मग 1912 साली त्यांनी केशवपन सोडलं. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण निर्णय वाटतो. वर्गणीच्या कामात ज्या वेषाचा एवढा उपयोग होत होता, तोच त्यांनी टाकला. वीस वर्षांहून अधिक काळ पाळलेली रीत चुकीची आहे अशी खात्री पटली, तेव्हा देणगीदार काय म्हणतील याची वाट पाहत त्या थांबल्या नाहीत. ज्या मुलींसाठी मागायचं, त्यांच्यासमोर खोट्या वेषात कसं उभं राहायचं?

1916 साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांना ती कल्पना सुचली होती. कामाचा पसारा वाढला आणि इंग्रजीशिवाय आपलं अडतं, ही बोच पार्वतीबाईंना लागून राहिली. वय 48, इंग्रजी मोडकंतोडकं, आहार कडक शाकाहारी, हाती पैसा बेताचा. अशा स्थितीत त्या 1918 साली अमेरिकेला निघाल्या. इंग्रजी शिकायचं आणि आश्रमासाठी मदत मिळवायची, असे दोन हेतू होते.

तिथे पोट भरायला त्यांनी घरकाम धरलं. देशात ज्यांची भाषणं शेकडो लोक ऐकत, त्या बाई परक्या घरी नोकर म्हणून राहिल्या. घरकाम करताकरता कानावर पडेल ते इंग्रजी टिपायचं आणि संधी मिळेल तिथे हिंदुस्थानातल्या विधवांची हकिगत सांगायची. आश्रमाच्या पैशावर परदेशात राहायचं आणि त्याच आश्रमासाठी मागायचं, हे त्यांना रुचणारं नव्हतं. आज परदेशातून निधी आणणाऱ्या संस्थांचा प्रवासखर्च आणि मुक्कामाचा खर्च निधीतूनच जातो. त्यात गैर काही नाही. पण पार्वतीबाईंचा हा हिशेब समोर ठेवला की आपला आवाज आपोआप खाली येतो.

1920 साली त्या परत आल्या. योगायोग असा की त्याच वर्षी सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावावरून विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी झालं. 15 लाखांची देणगी इतिहासात ठळक अक्षरांत लिहिली जाते, आणि ती त्या मोलाची आहेही. पण असा धनिक विश्वासाने हात पुढे करतो, त्याआधी वीस-पंचवीस वर्षं कोणीतरी दारोदार फिरून त्या संस्थेची पत उभी केलेली असते. कर्वे, बाया आणि पार्वतीबाईंनी ती चारचार आण्यांनी उभी केली होती.

साताऱ्याला थोड्याच वर्षांत असाच एक संसार झिजत होता. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या गरीब मुलांसाठी साताऱ्यात वसतिगृह उघडलं. तिथल्या पोरांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही. आपल्या काळात सिंधुताई सपकाळांनी गाऊन, भाषणं करून अनाथ मुलांना वाढवलं. या दोघींवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पार्वतीबाई मात्र शाळेच्या पुस्तकांतही सहसा भेटत नाहीत, याची मला खंत वाटते.

त्यांनी स्वतः ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र लिहिलं. ते 1928 साली प्रसिद्ध झालं. मराठी संतांची चरित्रं इंग्रजीत नेणारे मिशनरी जस्टिन ॲबट यांनी दोनच वर्षांत त्याचं भाषांतर केलं, त्यामुळे ज्या देशात त्या मोलकरीण म्हणून वावरल्या, त्याच देशात 1930 साली त्यांचं चरित्र छापून आलं. पार्वतीबाई 1955 साली वारल्या. हिंगणे आता कर्वेनगर झालं आहे. आश्रमातून वाढलेल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात आज मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि 1900 सालची ती झोपडीही तिथेच जपून ठेवली आहे.