बियांतली औषधे (भाग ५) : भुरीला निंबोळी तेल

आमच्या गावच्या टावर चौकातल्या हातगाड्यांवर थंडीत जो हिरवागार मटार येतो, तो बहुतेक उज्जैन-इंदूरच्या आसपासचाच. माळव्याची काळी माती त्याला मानवते. पण थंडी ओसरू लागली, दिवसा ऊन आणि रात्री गारवा असे हवामान झाले, की त्याच मटारवर भुरी उतरते. पानांवर पांढरे, पिठूळ डाग पडतात. डागावरून बोट फिरवा: पीठ बोटाला लागते आणि खालचे पान अजून हिरवेच असते.

ही खूण फार महत्त्वाची. भुरीची बुरशी पानाच्या वरच पसरते, आत फक्त रस शोषण्यापुरती शिरते. म्हणून पानावर बसलेला तेलाचा पातळ थर तिला गाठतो आणि नवे बीजाणू रुजू देत नाही. काकडी-दोडक्यावरचा केवडा मात्र पानाच्या आत वाढतो. तिथे तेलावर विसंबून राहू नका.

मागच्या भागातला पाच टक्के निंबोळी अर्क भुरीला चालेल का, असे बऱ्याच जणांनी विचारले. माझे उत्तर, त्यावर भिस्त ठेवू नका. पाण्यात उतरणारे ॲझाडिरॅक्टिन मुख्यतः किडीवर काम करते. बुरशीवर चालते ते निंबोळीतले तेल, आणि ते नुसत्या पाण्यात नीट उतरत नाही.

नेमक्या याच तेलावर एकदा परदेशात हक्क सांगितला गेला होता. बुरशीविरुद्ध निंबोळी तेल वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकी कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला दिले. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा, बेल्जियमच्या राजकारणी मॅग्डा आलव्हूट आणि सेंद्रिय शेतीची जागतिक संघटना यांनी त्याला आव्हान दिले. म्युनिकच्या सुनावणीत पुण्याचे कारखानदार अभय फडके यांची साक्ष झाली. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत अशा तेलयुक्त अर्काच्या चाचण्या शेतात झाल्या होत्या, म्हणजे पेटंटचा अर्ज येण्याच्या कितीतरी आधी. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या झाडासाठी दहा वर्षे भांडावे लागले, याचा मला आजही संताप येतो. पण शेतातल्या चाचणीची नोंद ठेवली तर ती किती कामी येते, हेही त्यातून दिसले.

आता फवारणी. लिटरभर पाण्याला ५ मिली निंबोळी तेल पुरे. विकतच्या औषधाच्या बाटलीवर वेगळे प्रमाण असेल तर तेच पाळा. तेल आधी थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून पांढरे दूध होऊ द्या, मग उरलेले पाणी घाला. वर तवंग दिसला तर फवारू नका. असे तेल पानावर एका जागी साचून पान जाळते. संध्याकाळी फवारा, पानांच्या दोन्ही बाजू भिजवा. गंधक मारले असेल तर दोन आठवडे तेल टाळा. आणि पहिले डाग दिसताच सुरुवात करा. वेल पांढरा झाल्यावर तेल त्याला वाचवू शकत नाही.

जून-जुलैत रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडेल. त्या पायदळी जाऊ देऊ नका. गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा, बुरशी धरलेल्या वेगळ्या करा आणि हवेशीर पोत्यात भरून ठेवा. माघ-फाल्गुनात मटारला त्यांच्याच तेलाची गरज लागणार आहे.