लेखांक ७ : एकच जखम, दोन किमती

१० जून २०१९, टोरांटो. एनबीएच्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स तीन सामने हरून बसले होते, एकच जिंकला होता. पोटरीच्या दुखापतीमुळे महिनाभर बाहेर असलेला केविन ड्युरंट त्या रात्री खेळायला उतरला. बारा मिनिटांत त्याने अकरा गुण केले. मग दुसऱ्या सत्रात चेंडू घेऊन वळताना तो अडखळला, खाली बसला आणि त्याचा हात उजव्या टाचेकडे गेला. टाचेमागची जाड शीर, अकिलीस, तुटली होती. सामना वॉरियर्सनी एका गुणाने जिंकला, पण नंतर पत्रकारांसमोर बोलताना संघाचे प्रमुख बॉब मायर्स यांना रडू आवरेना.

ड्युरंटचे वय तेव्हा तीस होते. अकिलीस तुटली की खेळाडूचे निदान एक वर्ष जाते, आणि परतल्यावर तीच उडी, तोच वेग राहील याची खात्री कोणी देत नाही. अशा अवस्थेत तीन आठवड्यांनी त्याला एनबीएतल्या कोणत्याही संघाशी करार करण्याची मुभा मिळणार होती. तो ब्रुकलिनकडे गेला आणि चार वर्षांचे १६ कोटी ४० लाख डॉलर मान्य करून घेतले. त्या वेळच्या दराने ही रक्कम अकराशे कोटी रुपयांच्या वर जाते. त्यातल्या पहिल्या वर्षी तो एकही सामना खेळणार नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

आता एक हंगाम मागे जाऊ. २६ जानेवारी २०१८ रोजी न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सचा डीमार्कस कझिन्स ह्यूस्टनविरुद्ध खेळत होता. गुण १५, रिबाउंड १३, असिस्ट ११. शेवटच्या काही सेकंदांत स्वतःच्याच हुकलेल्या फ्री थ्रोमागे धावताना त्याची डाव्या पायाची अकिलीस तुटली. त्या हंगामात तो सामन्यामागे पंचवीस गुण आणि जवळपास तेरा रिबाउंड काढत होता. वय सत्तावीस. उन्हाळ्यात त्याचा करार संपणार होता आणि धडधाकट असता तर वर्षाला सुमारे तीन कोटी डॉलरचा पगार त्याच्या आवाक्यात होता. जुलैमध्ये त्याने सही केली ती एका वर्षासाठी, ५३ लाख डॉलरवर.

जखमेच्या वेळी वयाने तीन वर्षांनी लहान असलेल्या खेळाडूला त्याच जखमेनंतर इतके कमी का मिळाले? ड्युरंट अधिक मोठा खेळाडू होता आणि त्याचा खेळ उंचीवर व नेमबाजीवर उभा होता. कझिन्सचे वजनदार शरीर त्या पायाला किती झेपेल, ही शंका होती. हे खरेच आहे. पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही.

पहिली गोष्ट बाजारातल्या पैशाची. गेल्या लेखांकात आपण सॅलरी कॅप पाहिली : संघाने पगारांवर किती खर्च करावा याची मर्यादा. २०१६ मध्ये नव्या प्रक्षेपण करारामुळे ही मर्यादा एकदम ७ कोटींवरून ९ कोटी ४० लाखांवर गेली आणि संघांनी मध्यम खेळाडूंनाही लांबलचक करार वाटले. २०१८ च्या उन्हाळ्यात ते करार चालूच होते, त्यामुळे मोजक्याच संघांकडे जागा होती. पुढच्या वर्षी त्यातले बरेच करार सुटले, तिजोऱ्या मोकळ्या झाल्या. कझिन्स चुकीच्या वर्षी पडला. यात त्याचा काय दोष?

दुसरी गोष्ट स्वतःच्या संघाची. एखादा खेळाडू तीन वर्षे करार न तुटता खेळला असेल, तर त्याचा संघ कॅप ओलांडूनही त्याला पुन्हा घेऊ शकतो. याला बर्ड हक्क म्हणतात, बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून पडलेले नाव. खेळाडूची अदलाबदल झाली तरी हा हक्क त्याच्यासोबत जातो, म्हणजे पेलिकन्सकडे तो होता. पण कझिन्सविना त्यांनी प्लेऑफच्या पहिल्या फेरीत पोर्टलंडला ४–० ने हरवले होते. त्याच्यावाचूनही चालते, असे संघाला दिसले. त्याच्या जागी त्यांनी ज्युलियस रँडलला घेतले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : ड्युरंटच्या हातात एक कागद होता, कझिन्सच्या नव्हता. ड्युरंटने २०१८ मध्ये वॉरियर्सशी दोन वर्षांचा करार केला, पण दुसऱ्या वर्षी राहायचे की बाहेर पडायचे हे ठरवण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. हा प्लेअर ऑप्शन. त्या दुसऱ्या वर्षाचे ३ कोटी १५ लाख डॉलर होते. जखम होताच त्या कलमाचा अर्थ पालटला. काल ते बाहेर पडायचे दार होते, आज ते पायाखालची जमीन झाले. कोणीच करार दिला नाही, तरी एक वर्षाचा पूर्ण पगार पक्का, कारण एनबीएत हमीचा पगार मैदानावरच्या दुखापतीमुळे थांबत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणणे परवडते तोच वाटाघाटीत ताठ बसतो.

तरीही त्याने तो पक्का पगार सोडला. राहिला असता तर वर्ष उपचारात गेले असते आणि २०२० मध्ये, बत्तीस वर्षांचा होत असताना, न खेळता पुन्हा बाजारात उभे राहावे लागले असते. वॉरियर्स त्याला पाच वर्षांचे सुमारे २२ कोटी १० लाख देऊ शकत होते. इतर संघांना चारच वर्षांची परवानगी. तरी तो ब्रुकलिनला गेला. २०२० मध्ये कोविड आला आणि कॅप वाढलीच नाही. ते त्याला कुठून कळणार होते? पण दुखापतग्रस्त खेळाडूने एकेका वर्षावर पैज लावू नये, हा नियम त्याने पाळला. दीड वर्षाने तो परतला आणि सामन्यामागे जवळपास सत्तावीस गुण करू लागला.

कझिन्सला तो ५३ लाखांचा करार दिला तो वॉरियर्सनीच. त्यातली मेख कराराच्या नियमांत होती. संघाशी एकाच वर्षाचे नाते असलेल्या खेळाडूला कॅपवरचा संघ मागच्या पगारापेक्षा फक्त वीस टक्के जास्त देऊ शकतो. म्हणजे तो कितीही चांगला खेळला असता तरी तिथे त्याला सुमारे ६४ लाखच मिळाले असते. जानेवारी २०१९ मध्ये तो परतला, बरा खेळला, आणि एप्रिलमध्ये मांडीचा स्नायू फाटला. पुढे लेकर्सबरोबर ३५ लाखांचा करार झाला आणि हंगाम सुरू होण्याआधीच गुडघ्याची एसीएल (आतला अस्थिबंध) गेली. मोठा करार त्याला पुन्हा कधीच मिळाला नाही. कारकिर्दीचा ऐन भर असा हातातून गेलेला पाहून मला आजही वाईट वाटते.

त्याच २०१९ च्या मालिकेत, ड्युरंटनंतर तीन दिवसांनी, क्ले थॉम्पसनची एसीएल तुटली. लॉकर रूमच्या वाटेवरून तो मागे फिरला, कारण फ्री थ्रो त्याने स्वतः टाकले नसते, तर नियमाप्रमाणे त्याला सामन्यात परतता आले नसते. दोन्ही आत घातले आणि मगच गेला. त्याचाही करार त्याच उन्हाळ्यात संपत होता. वॉरियर्सनी त्याला पाच वर्षांचे १९ कोटी दिले. पहिली दोन वर्षे तो एकही सामना खेळला नाही, कारण पुन्हा खेळू लागण्याआधीच अकिलीसही तुटली. २०२२ मध्ये मात्र विजेत्या संघात तो होता. मला हा करार योग्य वाटतो. आठ वर्षे संघासाठी झिजलेल्या माणसाला जखमेच्या दिवशी सोडून दिले, तर ड्रेसिंग रूममधला प्रत्येक जण ते लक्षात ठेवतो.

अलीकडचे उदाहरण कायरी अर्व्हिंगचे. मार्च २०२५ मध्ये त्याची एसीएल गेली तेव्हा पुढच्या हंगामासाठी ४ कोटी ३० लाखांचा प्लेअर ऑप्शन त्याच्याकडे होता. तो नाकारून त्याने डॅलसशीच तीन वर्षांचे ११ कोटी ९० लाख ठरवले. वर्षाचा आकडा उतरला, पण गुडघा सावरेपर्यंतचा काळ झाकला गेला.

अशा वर्षी खेळाडू बाकावर बसतो आणि पगार चालू राहतो. त्याचा मोठा वाटा अनेकदा संघाऐवजी विमा कंपनी भरते, तेही सलग ४१ सामने चुकल्यावरच. त्या विम्याविषयी पुढच्या आठवड्यात.