चौपन्न की छप्पन?

सायकल समजून घेताना : भाग ६

मागच्या भागात फ्रेम कशाची असावी ते पाहिलं : स्टील, अ‍ॅल्युमिनियम की कार्बन. त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न म्हणजे साईज कोणती घ्यायची. बहुतेकांना उंचीवरून उत्तर मिळून जातं. अडतात ते दोन साईजच्या मधले. पाच फूट दहा इंचांचा माणूस कंपनीच्या तक्त्यात ५४ च्या रकान्यातही बसतो आणि ५६ च्याही. सिंधुदुर्गातल्या वालावलात बसून रोडबाईक घेऊ पाहणाऱ्याची अडचण आणखी मोठी. दोन्ही साईजवर बसून बघायचं तर कोल्हापूर नाहीतर गोवा गाठायचा. तिथेही एकच साईज शिल्लक असली, तर तीच तुमची कशी, हे पटवून द्यायला दुकानदार तयार असतो. तेव्हा घरूनच हिशेब करून निघालेलं बरं.

जुन्या काळ्या सायकलींच्या वेळी हा घोळ नव्हता. २२ इंची, २४ इंची, अशा मोजक्याच साईज. पाय टेकले की झालं. पोरं तर तेही न बघता फ्रेमच्या मधून पाय घालून चालवायची. हँडल उंच आणि माणूस ताठ बसलेला, त्यामुळे हात कुठवर पोचतात याची चौकशी कुणी करत नव्हतं. रोडबाईकवर मात्र पुढे वाकून बसायचं असतं. पायांइतकाच धड आणि हातांचाही हिशेब करावा लागतो.

त्यात ५४ हा आकडा आता नावापुरता उरला आहे. पूर्वी तो सीटखालच्या नळीची सेंटिमीटरमधली लांबी सांगायचा. १९९० च्या दशकात ‘जायंट’ कंपनीसाठी माईक बरोज या इंग्रज अभियंत्याने वरची नळी मागे उतरती केली. सीटखालची नळी आखूड झाली आणि सीटपोस्ट वरखाली करून एकाच फ्रेमवर कमी-जास्त उंचीची माणसं बसू लागली. म्हणून सीट किती वर जाईल यावरून फ्रेम निवडू नका. सीट जवळपास कुठल्याही फ्रेमवर हवी तेवढी वर जाते.

तक्त्यात शोधायचे ते दोन आकडे : स्टॅक आणि रीच. पायडल ज्या अक्षावर फिरतात त्याच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीचं वरचं टोक किती उंच आहे, तो स्टॅक. किती पुढे आहे, तो रीच. उदाहरणादाखल स्पेशलाइज्डची ‘टारमॅक एसएल ७’ घेऊ. ५४ मध्ये स्टॅक ५४४ आणि रीच ३८४ मिलिमीटर. ५६ मध्ये ५६५ आणि ३९५. म्हणजे एक साईज वर गेलात की हँडल २१ मिलिमीटर उंच आणि ११ मिलिमीटर लांब.

आता स्वतःचं माप. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये आडवं धरून, सीटवर बसल्यासारखं वाटेल इतकं वर दाबा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. या मापाला ०.८८३ ने गुणलं की पायडलच्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांचं हे सूत्र सायकलपटू ग्रेग लमाँडमुळे जगभर गेलं. सुरुवातीला तेवढं पुरतं.

समजा, दोघे भाऊ आहेत, दोघेही १७७ सेंटिमीटर. थोरल्याचे पाय ८६, धाकट्याचे ८०. सूत्राने थोरल्याची सीट जवळजवळ ७६ वर जाते, धाकट्याची ७०.६ वर. ५४ च्या फ्रेमवर थोरल्याच्या सीटपासून हँडलखालच्या नळीचं टोक साधारण १८ सेंटिमीटर खाली राहतं, धाकट्याच्या १३. उंची तीच, पण एकाला जमणारी फ्रेम दुसऱ्याची मान धरेल.

थोरल्याने ५४ घेऊन हँडलखाली स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या, वाढवले तर? इथे बरेच जण फसतात. हँडलखालची नळी मागे कललेली असते, त्यामुळे हँडल २० मिलिमीटर वर गेलं की ते सहाएक मिलिमीटर मागेही येतं. दोन्ही फ्रेमवर हँडल एकाच उंचीला आणलं, तर लांबीतला फरक कागदावरचा ११ न राहता १७ च्या आसपास जातो. तेव्हा तुलना करायची ती हात एका जागी आणून. तिथवर पोचायला कुठल्या फ्रेमवर सुट्या भागांची कमी ओढाताण होते, ते बघायचं. जिथे कमी, ती तुमची साईज.

थोरल्याने ५६ घ्यावी आणि स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा दांडा) एक-दोन नंबर आखूड, म्हणजे १०० मिलिमीटरऐवजी ९० किंवा ८० चा लावावा. धाकट्याचं धड लांब, त्याने ५४ घेऊन स्टेम ११० चा करावा. पाठ वाकत नसेल तर त्यालाही ५६ चालेल. ८० पेक्षा आखूड स्टेम लागत असेल, किंवा कंपनीने आखून दिलेल्या मर्यादेपलीकडे स्पेसर चढवावे लागत असतील, तर साईजचा नाद सोडून मॉडेलच बदला. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या एन्ड्युरन्स सायकलींचा स्टॅक त्याच साईजमध्येही जास्त असतो.

‘शंका आली तर लहान घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो शर्यतीवाल्यांकडून आला आहे. त्यांना वारा चुकवायला खाली वाकायचंच असतं. आपला रस्ता म्हणजे कुडाळहून नेरूरमार्गे वालावल, मग मागे फिरून नेरूरपारच्या पुलावरून धामापूर आणि पुढे मालवण. आखूड पण उभे चढ, लगेच उतार, आणि पावसाळ्यानंतर उखडलेलं डांबर. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. एवढा वेळ सगळा भार तळव्यांवर घेऊन बसवत नाही. इथे किंचित उंच हँडल कामाला येतं.

दुकानात पोचलात की आधी सीट तुमच्या मापाला लावून घ्या. सीटपोस्टवरची कमाल उंचीची रेघ बाहेर दिसता कामा नये. मग ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून दहा मिनिटं चालवा. कोपरं सहज वाकली पाहिजेत. क्षणभर हात उचलल्यासारखे हलके करा. अंग पुढे कोसळत असेल तर हँडल फार लांब किंवा फार खाली आहे. हँडलच्या खालच्या वळणात हात घालून ब्रेक पूर्ण दाबता येतो का, तेही बघा. आणि स्टेम बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. बहुतेक ठिकाणी मिळतो, पण नंतर विचारलं की वेगळे पैसे पडतात.

पुढच्या भागात : सीट पुढे-मागे केली की गुडघ्याचं काय होतं.