पामतेलाच्या स्वस्ताईची खरी किंमत

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’ संचात रवा, साखर व चणाडाळीबरोबर एक लिटर पामतेल होते. बिस्किटे, फरसाण, साबण यांतही हेच तेल असते. भारत पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार आहे. जगातील सुमारे ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया व मलेशिया हे दोन देश पिकवतात.

दोष झाडाचा नव्हे. एक हेक्टर पामलागवड सोयाबीनच्या कित्येक पट तेल देते, म्हणूनच ते स्वस्त पडते. दोष आहे तो बड्या कंपन्यांनी जमीन मिळविण्याच्या व माणसे राबविण्याच्या रीतीचा.

सुमात्रा व बोर्निओ बेटांवरील वर्षावने तोडून हे मळे उभे राहिले. ओरांगउटान वानरांचा निवारा नष्ट झाला. तेथील बरीच वने पाणथळ जमिनीवर आहेत. शतकानुशतके साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे हे थर कालवे खोदून कोरडे केले की सहज पेटतात व जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसतात. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र होरपळले. सर्वच आगी पामच्या मळ्यांतील नव्हत्या. तरी लागवडीसाठी जमीन साफ करणे हे त्यांचे एक प्रमुख कारण होते. जागतिक बँकेने हानीचा अंदाज १६ अब्ज डॉलर वर्तविला.

पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्या आदिवासींकडे जमिनीचे कागद नसतात, कंपनीकडे मात्र सरकारी परवाना असतो. परंपरागत वने ही सरकारी वने नव्हेत, असा निर्णय इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. अंमलबजावणी मात्र संथ आहे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या २०१६ च्या अहवालानुसार मजुरांना ठरलेले काम पुरे करण्यासाठी मुलांना हाताशी घ्यावे लागे आणि स्त्रिया रोजंदारीवर विषारी तणनाशके फवारीत. यांतील काही मळ्यांना ‘शाश्वत’ पामतेलाचे प्रमाणपत्रही होते.

हा प्रश्न आता आपल्या देशातही आला आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे पामतेल अभियान मंजूर केले. त्याचा विशेष भर ईशान्य भारत व अंदमानवर आहे.

सरसकट बहिष्कार हा उपाय नव्हे, कारण दुसरे तेल पिकवायला अधिक जमीन लागेल. परंतु तेल कोणत्या मळ्यातून आले, तेथील रहिवाशांची संमती होती काय आणि मजुराला पुरते वेतन मिळाले काय, हे कंपन्यांना व शासनाला विचारणे ग्राहक म्हणून आपले कर्तव्य आहे. गरिबाच्या ताटातील स्वस्ताई दुसऱ्या गरिबाच्या घामावर व जमिनीवर उभी राहू नये.